शेवटची बस चुकेल म्हणून

"हा नको. ह्यात म्हातारा मरतो," नागेंद्र म्हणाला आणि रिमोटचं बटण दाबलं.

"मग हा?" नीलमनं विचारलं.

"ह्यात कुत्रं मरतंय."

टिळकवाडीतल्या त्या फ्लॅटमध्ये रविवारची दुपार सिनेमा निवडण्यातच चालली होती. आठ वर्षांच्या तेजस्वीला कार्टून हवं होतं आणि कार्टून लागलं की तिच्या आज्जाला, म्हणजे नागेंद्रच्या वडलांना, मष्णूआप्पांना, झोप लागायची. मारामारी पोरीसमोर नको, मिठ्याबिठ्या आप्पांसमोर नकोत आणि दवाखाना तर कुणालाच नको. एवढं सगळं वगळल्यावर उरतात त्या जाहिराती.

दवाखान्याची गोष्ट वेगळी होती. डॉक्टरांनी नागेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आप्पांचे आता फार दिवस नाहीत आणि गावी, जांबोटीला जायचा प्रवास तर त्यांना मुळीच सोसायचा नाही. आप्पांना मात्र घरच्यांनी सांगितलं होतं, अंगात जरा ताकद आली की गावाकडं. म्हातारा त्याच आशेवर दिवस ढकलत होता. गावी जायच्या चपला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी कॉटखाली तयार ठेवल्या होत्या. घरात चपला नकोत म्हणून नीलमनं त्या दोनदा बाहेर नेल्या, दोन्ही वेळा त्या परत आल्या. शेवटी तिनं नाद सोडला. आणि रोज दिवेलागणीला आप्पांचा एकच प्रश्न असायचा, "उद्या बस किती वाजता रं?"

"तो बैलाचा पिक्चर लाव की," आप्पा उशीला टेकून म्हणाले. "तुला खांद्यावर बसवून दावलेला."

नागेंद्रला हे आधी कसं सुचलं नाही? साखर कारखान्यात कामाला गेलेला बाप, त्याच्या वाटेकडं डोळे लावून बसलेलं घर आणि एक खोडकर बैल. तेजस्वीला तर तो सिनेमा न बघताच पाठ होता, आज्जानं गोष्ट म्हणून इतक्यांदा सांगितला होता. शेवटी बाप घरी पोचतो, बैल हंबरतो, आई दिवा घेऊन दारात येते. पोरीला बैल, आप्पांना गाव, मोठ्यांना जुनी गाणी. कुणी मरत नाही. ह्याहून चांगला सिनेमा शोधून सापडला नसता.

बैलानं पाटलाचा फेटा चावून खाल्ला तेव्हा आप्पा इतके हसले की खोकल्याची उबळ आली. नीलम पाणी घेऊन धावली, तरी त्यांचं हसू थांबेना. तेजस्वी कॉटवर चढून आज्जाला चिकटून बसली आणि पुढं काय होणार ते प्रत्येक वेळी आधीच सांगू लागली. नागेंद्रला फार बरं वाटलं. कित्येक दिवसांनी त्या घरात कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

पडद्यावर थकलेला बाप बैलगाडीत गवतावर आडवा झाला आणि बैल ओळखीच्या वाटेला लागला. तेवढ्यात आप्पांचा पाय कॉटखाली गेला आणि पिशवी चाचपू लागला. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

"हितंच उठायचो आमी. शहरात येऊन चारदा बघिटला, चारीदा हितंच उठलो. शेवटची बस चुकली की मग जांबोटीपतूर कोण चालतंय?"

म्हणजे नागेंद्रही इथंच उठला होता, आप्पांच्या खांद्यावर, शेवट बघायचाय म्हणून भोकाड पसरत. बाप घरी पोचला, बैल हंबरला, आईनं दिवा आणला, हे सगळं परतीच्या बसमध्ये ऐकलेलं होतं. रडणाऱ्या पोराची समजूत काढायला आप्पांनी रचलेलं. पुढं सांगून सांगून त्यांनाही ते खरं वाटायला लागलं असावं. शेवट ना बापानं पाहिला होता ना लेकानं.

त्यानं घाईघाईनं रिमोट उचलला. "थांबवूया काय आप्पा? दमलासा. शेवट ठाव हायच की आपल्याला."

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "आता कुठली बस गाठायची हाय?"

गाडी गावच्या वेशीपर्यंत आली. लांबवर घरातला दिवा दिसत होता. बैल आपसूक थांबला आणि मान वळवून मागं बघत राहिला. गाडीतला बाप उठला नाही. त्याचा एक हात गाडीबाहेर लोंबत होता. दिवा तसाच लांब राहिला आणि पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरं आली.

"आज्जा, तू सांगितलेलास की तो घरी पोचतो म्हणून!" तेजस्वी चिडून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"मला बी तसंच वाटलेलं गं," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी नागेंद्रकडं बघितलं. नागेंद्रला त्या नजरेला नजर देववली नाही. तो उगाच रिमोटची बटणं दाबत बसला.

दिवेलागणीला नीलम चहा घेऊन आली. बसची चौकशी व्हायची ती हीच वेळ. पुढच्या आठवड्यात नक्की, हे उत्तर तिनं तयारच ठेवलं होतं. आप्पांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि कॉटखालची पिशवी पायानं हळूच बाहेर ढकलली.

"चपला भाईर ठेव गं," ते म्हणाले. "घरात कशाला?"