कळलावीचं देठ

वेल्ह्याच्या कड्यावर शुभांगीसाठी कळलावीची फुलं काढताना आकाशचा पाय घसरला. खाली पडण्याआधी तो बराच वेळ वेलीला धरून लटकला होता, असं गुराखी सांगत. ती फुलं तो नेहमी आणायचा आणि शुभांगी ती जलरंगात पाकळी न् पाकळी हुबेहूब उतरवायची.

वर्षश्राद्धानंतर तिनं पुन्हा ब्रश हातात घेतला. कुंपणावरची कळलावी रंगवली. कोऱ्या कागदावर नुसतं फूल. अशा चित्रात सावली काढत नाहीत. पण दुपारी कागद वाळला, तेव्हा देठाभोवती चार बोटांची करडी सावली दिसली. तिनं ग्वाशच्या दाट पांढऱ्या रंगानं ती झाकली. तो रंग वाळला आणि सावली पुन्हा वर आली.

तिच्या सासूबाई अक्काबाई चहा घेऊन आल्या आणि थबकल्या. "अगं, आकाशची बोटं कशापायी काढलीस?"

"म्या न्हाई काढली, आत्या."

अक्काबाई वाकल्या. "लई घट्ट धरलंय गं माज्या लेकरानं."

शुभांगीनं पाहिलं. आता देठावर तीनच बोटं होती.

तिनं दोन्ही तळवे चित्रावर दाबले. "अहो, सोडू नगा," ती रडत म्हणाली.

तळव्याखाली आणखी एक बोट हळूच सुटलं.