मशीन नंबर एक

चार नंबरच्या मशीनची स्क्रीन लालभडक झाली आणि हॉलभर भोंगा घुमला. शिरूरमधल्या गेमिंग हॉलची फायनल जागच्या जागी थांबली. चाळीसेक पोरं खुर्च्या ढकलत उठली.

"चोर घावला रे!"

नागसेननं हेडफोन काढून गळ्यात अडकवला. राहू गावचा गडी. कुरकुंभला कंपनीत शिफ्ट करायचा, कॉम्प्युटरचं सगळं मोबाईलवर बघून बघून शिकलेला. जिंकणारा पुण्याच्या टीममध्ये जाणार होता, आणि नागसेन दोन राऊंडनी पुढं होता. आता संपलं सगळं. तरी गडी हसत होता.

त्याची बहीण गौतमी दारात उभी होती. दारातच, कारण तिला आत यायची बंदी होती. गेल्या महिन्यात ती सत्यजीतकडून हरली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "गेममधी ह्याला भिंतीपलीकडचं दिसतंय. चोरी करतोय ह्यो." सत्यजीत म्हणजे हॉलचे मालक आनंदराव यांचा पोरगा, कायम एक नंबरच्या मशीनवर बसणारा. आजही समोर तोच होता. खोटा आळ घेतला म्हणून आनंदरावांनी फळ्यावर लिहिलं : 'गौतमी. वर्षभर बंदी.' ते अजून कुणी पुसलं नव्हतं. तेव्हापासून पोरं तिला बाजारात सुद्धा 'रडकी' म्हणायची.

आनंदराव पुढं आले. "बहिणीनं आळ घेतला, भावानं चोरी केली. आरं, मशीनमधी चोरी पकडणाऱ्या प्रोग्रामचं कुत्रं बांधलंय मी! खेळ सुरू झाला की ते गेमच्या मेमरीचा ठसा घेतं. दर पाच सेकंदाला नवा ठसा घिऊन पयल्याशी जुळवतं. जो आकडा हलायचा न्हाई तो हलला, की भुंकलंच. चोर कुणाचा कोण, ते बघत न्हाई."

"सगळ्या मशीनवर हाय का, आप्पा?" नागसेननं विचारलं.

"सगळ्या! माझ्या पोराच्या बी."

"मग ऐका. आकडा मीच बदललाय." नागसेन उठला. "पण कोणता, ते तर वाचा."

लाल स्क्रीनवर एकच ओळ होती. पळायचा वेग : पाहिजे शंभर, सापडला नव्वद.

पोरं हसली. मागनं कुणीतरी बोललं, "येड्यानं सवताचाच वेग कमी केला की!"

नागसेननं चार नंबरला लावलेला पेनड्राइव्ह उपसला आणि तो सरळ एक नंबरकडं निघाला. सत्यजीत आडवा आला.

"माझ्या मशीनला हात लावायचा न्हाई."

"का? कुत्रं चावतंय व्हय?"

आता पोरं हसली ती सत्यजीतला. "लावू द्या की, आप्पा! हू द्या एकदा!" आनंदरावांनी पोराकडं बघितलं. मग गर्दीकडं. चाळीस जणांपुढं बोललेला शब्द गिळायचा कसा?

"लाव," ते म्हणाले.

तोच पेनड्राइव्ह. तोच प्रोग्राम. तोच आकडा, शंभराचा नव्वद. नागसेननं थांबलेला खेळ चालू केला. स्क्रीनवरचा सत्यजीतचा गडी पाय ओढल्यासारखा पळायला लागला.

पाच सेकंद झाले. दहा झाले. एकानं मोठ्यानं मोजायला सुरुवात केली, मग सगळेच मोजायला लागले. तीस आला, चाळीस आला. स्क्रीन हिरवीगार. भोंगा गप्प. सत्यजीत आपल्या बुटांकडं बघत होता.

साठ झाल्यावर मोजणं थांबलं.

गौतमीनं उंबरा ओलांडला. कुणी अडवलं नाही. ती फळ्यापाशी गेली, तळहातानं आपलं नाव पुसलं आणि खडूचा हात झटकत वळली.

"कुत्र्याला बोल लावू नका, आप्पा. घरच्या माणसावर ते भुंकत नसतं."