आमंत्रणाचा व्हिडिओ

"काकू, फायनल होतंय," असं व्हिडिओवाला रोज सांगे. "बाळंतपणसुद्धा इतकं लांबत नाही रे," असं मी म्हटल्यावर त्यानं फोन उचलणंच सोडलं.

नातीच्या लग्नाचं आमंत्रण मी मुद्दाम व्हिडिओवाल्याकडे करायला टाकलं होतं. मोबाईलवरून पाठवलं की अबोला धरलेल्या थोरल्या जाऊबाईंची पायरी चढायला नको.

लग्न तोंडावर आलं. शेवटी कुंकू-अक्षता घेऊन मीच गेले.

"मोबाईलवर बोलावलं असतंस तर आले नसते," कपाळ पुढे करत जाऊबाई म्हणाल्या. मग चहा गार होईस्तोवर दोघी रडलो.

लग्नानंतरचा सत्यनारायणही उरकला, तेव्हा व्हिडिओ आला. "सॉरी काकू, उशीर झाला."

"धाकट्या नातीच्या लग्नाचं कामही तुलाच देते," म्हटलं. "माहेरची एक भावजय अजून बोलत नाही माझ्याशी. सावकाश होऊ दे."