वाईला निघताना

"अहो, एसटीनं जाऊ या. आईचं काही खरं नाही म्हणाला दादा." कुंदा पिशवी घेऊन दारात उभी होती.

"दारात गाडी असताना एसटी कशाला? जरा गचके खातेय, तेवढे इंजेक्टर साफ करतो, की सुसाट वाईला." उपेंद्रने क्लीनरचा डबा बॉनेटला टांगला आणि कॉम्प्रेसरची नळी जोडली. मेकॅनिकला काही कळत नाही, यावर त्याची जेवढी श्रद्धा होती, तेवढी देवावरही नव्हती.

दाब वाढला, तशी नळी निसटली आणि क्लीनर त्याच्या तोंडावर उडालं. दुसऱ्यांदाही तेच.

"स्टँडपर्यंत रिक्षा बोलावू का?"

"सगळं उघडून बसलोय ना मी? थांब जरा."

उन्हं कलली, तेव्हा इंजिन असं फिरू लागलं, की चालू आहे हेसुद्धा कळेना. "बघ, आहे का आवाज?" त्याने अभिमानाने विचारलं. पायरीवर बसलेल्या कुंदाने कानाचा फोन खाली घेतला, पदराने डोळे टिपले आणि ती गाडीत येऊन बसली. त्याने घाईघाईने गिअर टाकला.

"सावकाश चालवा," ती म्हणाली. "आता मी पोचेपर्यंत आईला कुणी हलवणार नाही."