इंजिनाला चिंचेचं पाणी

त्या सकाळी विहिरीवरचं इंजिन पुन्हा तापून बसलं, तेव्हा बेबाबाई ओसरीत नुकत्याच न्हाऊ घातलेल्या नातवाच्या टाळूवर तेल जिरवत होती. केळीत पाणी वळवणारा तिचा लेक शालिग्राम फावडं टाकून विहिरीकडे धावला आणि मळ्यात एकदम शांत झालं.

दीर जीवरामनाना खाटेवर बसले होते. ते उठलेही नाहीत. एवढा आखाजीचा सण होऊ द्या, मग हे धूड भंगारवाल्याला देऊन टाकू, म्हणाले. पुढचं ते हळू बोलले, पण सून कमलला ऐकू जाईल इतपतच हळू.

"पोरगं घरात आलं आन इंजिन बसलं. याले पायगुन म्हनतात."

कमलनं सासूच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि ती आत गेली. दुपारी तिच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

बेबाबाईला नानांचं तोंड धरता येईना. बाळाचं बारसं झालं आणि महिन्याभरातच इंजिनानं दुखणं काढलं, हे तर खरंच होतं.

ते इंजिन असोद्याच्या शिवारातलं पहिलं. तिच्या नवऱ्यानं जळगावहून बैलगाडीत घालून आणलं, तेव्हा बघायला जामनेरकडची माणसं आली होती. विहिरीचं पाणी पाटात पडायचं, आणि त्यातलीच एक बारीक नळी इंजिनाकडे वळवलेली होती. ते गार पाणी इंजिनाच्या अंगातून फिरून, त्याची उष्णता घेऊन, दुसऱ्या तोंडानं दगडी डोणीत पडायचं. इंजिन लावताना नळीची पितळी चावी पुरी सोडायची आणि बंद करताना आवळायची, हा नेम नवऱ्यानं घालून दिला होता. शालिग्राम तो आजवर चुकला नव्हता. अंधार असो, घाई असो, हात आपसूक चावीकडे जायचा.

डोणीतल्या त्या पाण्यावर या घरातली सगळी पोरं वाढली होती. शालिग्रामला बेबाबाईनं तिथंच न्हाऊ घातलं. आता नातवालाही रोज सकाळी ती तिथंच नेई आणि पाणी अंगाजोगं करून, पायांवर पालथा घेऊन चोळून काढी. न्हालेलं पोर मग दुपारपर्यंत हूं की चूं करत नसे.

शालिग्रामनं जळगावहून हिलाल मिस्त्रीला आणलं. मिस्त्रीनं इंजिनाच्या पोटात तार घातली, तर तांबडे पापुद्रे निघाले. पाणी फिरायची वाट गंजानं बुजत आली होती. पण सकाळी तापतं आणि दुपारी बरं चालतं, ते का, असं शालिग्रामनं विचारलं.

मिस्त्री हसला. "म्हातारं झालं ना. सकाळी सकाळी अंग धरतं."

नानाही हसले. शालिग्राम मात्र हसला नाही. आखाजीला इंजिन चालवून दाखवतो, एकदासुद्धा तापलं तर तुम्ही म्हणाल ते करीन, असा शब्द त्यानं नानांना दिला. बापाचं इंजिन आणि लेकाचं नाव, दोन्ही त्या शब्दात होतं.

बेबाबाईनं कोठीतली चिंच काढली. वर्षाची, नुकतीच फोडून मीठ लावून ठेवलेली. तांब्या-पितळेची भांडी चिंचेनं लखलखतात, तर लोखंडाचा गंज का सुटणार नाही? तिनं मोठ्या हंड्यात ती उकळली, गाळली आणि शालिग्रामनं ते पाणी इंजिनाच्या पोटात भरून तोंडं बांधली.

शेजारच्या मळ्यातला झुलाल बांधावरून ओरडून गेला, "अक्का, इंजिनाले सार पाजलं म्हने. फोडनी दिली का नाही?"

"तू ये जेवाले," बेबाबाई म्हणाली. "तुले बी वाढते."

मायलेकांनी तेच धरलं. भरायचं, मुरू द्यायचं, सोडायचं. आधी काळं पाणी आलं, मग विटकरी, मग चहासारखं. मधेच शालिग्राम तार घालून खरवडायचा, आणि पापुद्र्यांची पाटी भरून उकिरड्यावर जायची. त्याची नखं तांबडी झाली. इंजिन उघडं पडलेलं, म्हणून बाळाची आंघोळ तेवढे दिवस घरीच, चुलीवरच्या पाण्यानं. शेवटी चिंचेचं पाणी जसं ओतलं तसंच बाहेर आलं. शालिग्रामनं आईकडे पाहिलं. एवढं मोकळं हसताना तिनं त्याला त्याचा बाप गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

आखाजीला पुरणपोळीचं जेवण झाल्यावर इंजिन लावलं. बांधावर माणसं जमली. उन्हं कलली तरी इंजिनाचा ठेका मोडला नाही. नाना उठले, डोणीत पडणाऱ्या धारेखाली हात धरला आणि धरूनच उभे राहिले. पाणी जेमतेम कोमट होतं.

त्यांनी धोतराला हात पुसला आणि कमलकडून बाळ मागून घेतलं.

"मी बोललो ते इसरून जाय, पोरी," ते म्हणाले. "याचा पायगुन चांगला हाये. याच्या बापानं मेलेलं इंजिन उठवलं."

कमलनं पदर डोळ्यांना लावला. झुलालनं सगळ्यांदेखत शालिग्रामची पाठ थोपटली. बेबाबाई पाटाच्या कडेला टेकली आणि चालत्या इंजिनाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिग्रामनं इंजिन लावलं, चावी पुरी सोडली आणि फावडं खांद्यावर टाकून ताठ मानेनं केळीत गेला. बेबाबाई बाळाला घेऊन डोणीपाशी बसली. तिनं धारेखाली कोपर धरून पाहिलं. कालच्यासारखंच, कोमट.

"तुह्या बापानं कसं गार करून ठेवलं पाह्य इंजिन," ती कौतुकानं नातवाला म्हणाली, आणि रोजच्यासारखी हात लांब करून, धारेतून वाफ निघेपर्यंत, तिनं ती पितळी चावी आवळत नेली.