सप्रेम भेट

"सुंदर अक्षर शिकवण्यापलीकडे मला येतंय काय?" असं म्हणत बाईंनी निवृत्तीनंतरचं अख्खं वर्ष घालवलं. शेवटी धीर करून त्या एका संस्थेत सेवेला गेल्या, तर पहिल्याच दिवशी वाट्याला आलं दानातले कपडे निवडणं.

घामानं पिवळे पडलेले गंजीफ्रॉक, नाडी नसलेले पायजमे, ओकारीच्या डागासकट चादर! बाईंनी एकेक दोन बोटांत धरून लांब भिरकावलं. "शी! फरशी पुसायच्याही लायकीचं नाही. याला दान म्हणतात? लाज कशी वाटत नाही मेल्यांना!"

"हे तर काहीच नाही," म्हणत संचालिकेनं तळातली पिशवी उपडी केली. कुबट, भोकं पडलेले मोजे आणि एक चिठ्ठी बाहेर पडली. ओळखीचं वळण दिसताच बाईंनी ती झाकायला हात पुढे केला, पण संचालिकेनं ती आधीच उचलली.



"'गरजूंना सप्रेम भेट' म्हणे! पण बाई, अक्षर बघा ना, अगदी मोत्यांसारखं!"