शोभेचं पाणी

"पाहुणे जाईपर्यंत बाटल्यांना हात लावायचा नाही!" असं दरडावून सुपरवायझर प्रत्येक शिलाई मशीनवर सीलबंद पाण्याची बाटली ठेवून गेला.

मंगलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी बाथरूमला उठलं की हाच मेला सगळ्यांदेखत विचारायचा, "पुन्हा?" त्या लाजेनं अख्खी लाइन तहान मारून शिवत बसायची. शेजारची पोटुशी शमीम तर कालच रडली होती, लघवीला जळजळतं म्हणून.

माल घेणारे परदेशी पाहुणे आत आले, तसं मंगलनं सील तोडून बाटली शमीमच्या हातात दिली. "पी गं. घटाघटा पी."

मग लाइनभर कडाकडा झाकणं उघडली.

"साहेब, आम्ही सगळ्या बाथरूमला चाललोय," मंगल पाहुण्यांदेखत सुपरवायझरसमोर उभी राहिली. "विचारा ना आता, 'पुन्हा?'"